प्लॅस्टरचं नाक

आमच्या कॉलेजच्या राज्यशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या मधल्या खणात बरीच वर्षं माझं तोंड ठेवलेलं होतं. प्लॅस्टरचं, पांढरंफटक, डोळे मिटलेलं. आल्यागेल्याला वाटायचं, कुणा थोर माणसाच्या पुतळ्याचा नमुना असेल. ते माझं आहे हे बाईंना, मला आणि ज्याने ते काढलं त्या मूर्तिकाराला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे त्याच नाकावर बाईंचा वर्ग अडकून पडेल, हे तर आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं.

बाई आमच्या विभागप्रमुख. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, मग त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. विद्यार्थी असताना एके दिवशी त्यांनी मला भर वर्गातून उठवलं, रिक्षात घातलं आणि गणपतीच्या कारखान्यात नेलं. मूर्तिकार सोंडेला रंग देत बसला होता. बाई म्हणाल्या, "ह्याच्या तोंडाचा ठसा काढून हवाय."

"काय ओ बाई, मी देवाची तोंडं करणारा मानूस. ह्या मेल्याचं तोंड करून काय करू?"

"देवाचं नाक मोजता येत नाही. ह्याचं येतं."

मला बाकावर आडवं केलं, नाकपुड्यांत शीतपेयाच्या दोन नळ्या खुपसल्या आणि तोंडावर थंडगार प्लॅस्टर थापलं. आतून मला फक्त मूर्तिकाराचा आवाज येत होता, "हलू नको मेल्या, नाक वाकडं आलं तर बाई माझ्या जिवावर उठतील." सुटल्यावर मी बाईंना विचारलं, वर्गात एवढी पोरं असताना मीच का? त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडावरून काही कळत नाही." हे ऐकून मी त्यांच्यावर कितीतरी दिवस रागावलो होतो. बाईंनी माझं एवढं कौतुक पुन्हा कधीच केलं नाही, हे नंतर समजलं.

बाईंचा जन्माचा विषय वंश, विज्ञान आणि राजकारण. विज्ञानाचं नाव घेऊन माणसांचे वंश कसे पाडले आणि मग त्या वंशांवर राज्य कसं केलं, यावर त्यांनी हयात घालवली. इंग्रजी अमलात साहेबलोक इकडच्या माणसांची नाकं मोजायचे आणि त्यावरून कोण वरचा, कोण खालचा ते ठरवायचे. बाईंना हे नुसतं सांगायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, कानाला कळलेलं परीक्षेपर्यंत टिकतं, हाताला कळलेलं जन्मभर राहतं. म्हणून त्या वर्गाचे दोन भाग करायच्या. एका भागाला व्हरांड्यात नेऊन सांगायच्या, हा ठसा अमुक आडनावाच्या माणसाचा आहे. दुसऱ्या भागाला भलतंच आडनाव सांगायच्या. ती दोन आडनावं मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप दोन आली असतील, आणि त्यावर बाई तोंडाला पदर लावून हसल्या असत्या.

मग एकेकाने यायचं आणि व्हर्नियरने माझ्या प्लॅस्टरच्या नाकाची रुंदी मोजायची. हा व्हर्नियर, म्हणजे दोन जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं साधन, फिजिक्सच्या लॅबमधून मागून आणलेला असायचा. प्लॅस्टर काही हलत नाही, व्हर्नियर तोच, तरी दोन्ही भागांच्या सरासरीत फरक पडायचा. थोडासाच, पण दरवर्षी त्याच बाजूला. आकडे फळ्यावर लागले की पोरं पुन्हा पुन्हा बेरजा तपासायची. एखादी मुलगी रडवेली होऊन म्हणायची, "बाई, मी मुद्दाम नाही केलं हो."

"ठाऊक आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर तुला शिकवायला मी कशाला आले असते?"

स्वतः बाई कुणाचं आडनाव घेत नसत. हजेरीसुद्धा गावावरून. "दापोली आलाय का? ए पूर्णगड, तुझी एसटी आज वेळेवर कशी?" एकाच गावातली दोघं असली की वाडीवरून. मी भांबेडचा, म्हणून मी भांबेड. मी शिकवायला लागल्यावर तरी हे सुटेल अशी आशा होती, पण माझा तास चालू असताना त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ए भांबेड, खडू संपलाय, आण बघू." पोरं फिदीफिदी हसायची आणि मी खडू आणायला जायचो.

दुसरी खोड म्हणजे त्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर जागेवर देत नसत. कुणी काही विचारलं की म्हणायच्या, "विचार करून सांगते." इतर लोक असं बोलतात तेव्हा विषय संपलेला असतो. बाई मात्र सांगायच्याच. आमच्या वर्गातल्या एकीने काही विचारलं होतं, ते ती स्वतःही विसरली. तिचं लग्न झालं, मूल झालं, आणि मच्छी मार्केटमध्ये सुरमईचा भाव करताना बाईंनी तिला पलीकडून हाक मारली, "अगं, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं!" आणि कोळणीच्या टोपल्यांवरून त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. कोळीण म्हणाली, "बाय माझे, आता सुरमई घेतंस की मी पन शिकायला बसू?"

स्वतःची चूक सापडली की मात्र त्या थांबत नसत. पोर्चमध्ये एक फळा आहे, त्यावर रोज सुविचार लिहितात. बाई सुविचार पुसायच्या आणि तिथे लिहायच्या, काल मी वर्गात अमुक सांगितलं ते चुकीचं होतं, बरोबर असं आहे. खाली लफ्फेदार सही. प्राचार्य वैतागायचे. त्यांच्या मते कॉलेजची अब्रू जात होती.

बाईंना परदेशातल्या एका विद्यापीठाने बोलावून नेलं होतं. सगळ्यांनी धरलं होतं की गेल्या आता, परत कशाला येतात. वर्ष संपलं आणि त्या रत्नागिरीत, मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या आपल्या भाड्याच्या वरच्या खोलीत परत. मी कारण विचारलं, तर त्यांनी सवयीप्रमाणे वेळ घेतला आणि काही दिवसांनी सांगितलं, "तिथे लोक रंग बघतात, इथे आडनाव विचारतात. मला आडनावाचं काम जास्त येतं."

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं, ज्याचं आणि बाईंचं कधीच पटलं नाही. आमच्या संस्थेच्या संचालकांत एक मोठे बागायतदार होते. हापूसच्या बागा, बोलण्यात रुबाब, आणि मन तसं वाईट नाही. त्यांनी आपली थुंकी एका कंपनीला पाठवून पूर्वजांचा अहवाल मागवला होता. कॉलेजच्या एका सत्काराला तो मोबाइलवर सगळ्यांना दाखवत ते हिंडत होते. बाईंनाही दाखवला. "बघा बाई, आमचे पूर्वज कुठून आले ते! विज्ञानानं सिद्ध केलंय."

"आणि त्याच्या आधी कुठे होते?"

बागायतदारांनी ते हसण्यावारी नेलं. म्हणाले, "तुमाला नाय कळायचं बाई. मानसाचं हापूससारखं असतं. मूळ चांगलं लागतं."

"हापूस कलमाचा असतो ना हो? मग मूळ साध्या रायवळ आंब्याचंच की. वर तेवढी फांदी हापूसची बांधलेली."

रत्नागिरीत ही गोष्ट शेंबडं पोरही जाणतं. आजूबाजूचे लोक खो खो हसले. बागायतदार हसले नाहीत. त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि चहा न घेता निघून गेले.

पुढे ती क्लिप आली. बाई पहिल्या तासाला नाक मोजणाऱ्या साहेबाचं सोंग आणायच्या. ताठ उभं राहायचं, आवाज घोगरा करायचा, पुढच्या बाकावरच्या एखाद्या पोराच्या नाकाला व्हर्नियर लावायचा आणि म्हणायचं, "नाक रुंद! बुद्धी कमी! ह्याला हमालीला लावा!" वर्ग हसायचा, मग बाई त्या हसण्यावरच बोट ठेवायच्या आणि खरा तास सुरू व्हायचा. कुणीतरी मोबाइलवर फक्त सोंग घेतलं. आधीचं नाही, नंतरचं नाही. गावागावांतल्या ग्रुपवर ते फिरलं. काहींना वाटलं बाई आपल्याला खालचं म्हणून हिणवतायत, काहींना वाटलं बाई आपल्याला त्या साहेबाच्या जागी बसवून बदनाम करतायत. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसं या एका गोष्टीवर एक झाली. ज्याचं नाक मोजलं तो पोरगा सगळ्यांना सांगत होता, मला काही वाटलं नाही, मी तर हसत होतो. पण त्याचं कोण ऐकतो? त्याच्या मुंबईतल्या बापाला ग्रुपवर इतकं डिवचलं की शेवटी बिचाऱ्याने तक्रार केली.

संस्थेने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष बागायतदार, दुसरे प्राचार्य, आणि विज्ञानाचा माणूस हवा म्हणून फिजिक्सचा नवा प्राध्यापक. तो अजून प्रोबेशनवर होता. त्याला कायम करायचं की नाही ते संचालकच ठरवणार होते. बाईंना निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. समितीने ठरवलं तर त्यांना वर्गावर पाय ठेवता येणार नव्हता. पगार मिळाला असता, खुर्ची मिळाली असती, पण वर्ग नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्या बाईला वर्गाशिवाय दुसरं काय होतं?

समिती प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसली. विभागातर्फे मी कोपऱ्यात होतो. बाहेर मुलं जमली होती, गेटवर एक पोलीस गाडी उभी होती, आणि पंखा इतका खडखडत होता की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं.

"बाई, नाकं मोजनं वायट होतं असं तुमचं म्हननं ना?" अध्यक्षांनी विचारलं. "मग तसं सरळ सांगा की पोरांना. नाक कशाला धरता?"

"सांगून कळत नाही. स्वतःचा हात चुकला की कळतं. माझा सगळा विषय त्यावर उभा आहे." बाई उठल्या. "तुम्हालाच दाखवते."

मी घाईने त्यांच्याजवळ गेलो. कानात म्हटलं, "बाई, नको. दोन माणसांवर हा प्रयोग होत नाही. तुम्हीच शिकवलंय." पण अध्यक्षांच्या ओठांवर हसू होतं आणि बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी मला माझंच तोंड आणायला पिटाळलं.

मी ते टेबलावर ठेवलं. माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघायची कुणाला बुद्धी झाली नाही. बाईंनी फिजिक्सच्या सरांना बाजूला घेऊन एक आडनाव सांगितलं आणि बाहेर उभं केलं. मग अध्यक्षांना दुसरं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा लावला, व्हर्नियर धरला, मान वाकडी करून बघितलं आणि प्राचार्यांना आकडा सांगितला. मग व्हर्नियर घेऊन ते बाहेर गेले आणि फिजिक्सचे सर आत आले. दार लागलं.

त्या माणसाने बराच वेळ घेतला. जबडे लावले, वाचलं, सोडले, पुन्हा लावले. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. मी मनात म्हणत होतो, पड रे फरक, थोडासा तरी पड. सरांनी घसा साफ केला आणि आकडा सांगितला. अध्यक्षांचाच. तंतोतंत.

प्राचार्यांनी बाईंकडे पाहिलं. दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, दोनच माणसं होती, यावरून काही ठरत नाही, पुन्हा करू. ते खरंही होतं. बाई म्हणाल्या, "फरक पडला नाही. तसं लिहून घ्या."

समितीने तसं लिहून घेतलं, आणि बाईंना वर्गावरून काढल्याचंही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमधल्या फळ्यावर सुविचार नव्हता. तिथे होतं, 'काल समितीपुढे केलेल्या माझ्या प्रयोगात फरक आढळला नाही.' खाली सही. मी धावत जाऊन डस्टर घेतलं, तोवर लोकांनी फोटो काढलेसुद्धा. मला बाईंचा इतका संताप आला की मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन ओरडलो, "स्वतःच्या हाताने कशाला स्वतःचा गळा कापता?"

"खरं आहे ते, भांबेड. वर्गातल्या पोरांना मला काय हवंय ते आधीच कळत असेल. मी दारात उभी असते. माझ्या तोंडाकडे बघून मोजत असतील. काल पहिल्यांदाच माझं न ऐकणारी माणसं मोजायला होती, आणि काल फरक पडला नाही." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मी इतकी वर्षं पोरांना खोटं शिकवलं असेन तर काय करू रे?"

तेव्हा मला कळलं की बाईंचा वर्ग गेला ते कमीच होतं. त्यांचं कामच त्यांच्या हातातून निसटत होतं. त्यांनी मांडवीवर फिरायला जाणं सोडलं. जेवण तुटलं. जुने सगळे आकडे काढून बसायच्या आणि मी गेलो की विचारायच्या, "मोजताना पोरं माझ्याकडे बघायची का? आठव." मी सांगायचो, नाही बाई. पण मी त्यांचा लाडका, माझ्या सांगण्याला काय किंमत?

व्हर्नियर माझ्याकडेच राहिला होता. लॅब असिस्टंट मागे लागला म्हणून एका दुपारी तो द्यायला गेलो. फिजिक्सचे सर एकटेच होते. मी टेबलावर व्हर्नियर ठेवला आणि त्यांनी तो उचललाच नाही.

"तुमच्या बाई कशा आहेत?"

"कशा असणार?" मी तुटकपणे म्हटलं.

"सर, एक सांगू? त्या दिवशी अध्यक्ष बाहेर आले ना, तेव्हा माझ्या हातात व्हर्नियर देताना म्हणाले, 'माझं एवढं आलंय, बघ तुझं काय येतं.' मी आत गेलो. माझं दोन मिलिमीटरने कमी आलं. पुन्हा घेतलं, तेवढंच." त्यांनी घाम पुसला आणि बाईंनी त्या दिवशी सांगितलेलं आडनावही सांगून टाकलं. "अध्यक्षांनी घेतलेलं चूक आहे असं कसं म्हणू? मी अजून कच्चा आहे सर, कायम व्हायचोय. प्रॅक्टिकलला रीडिंग ढापणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढतो. आणि मीच ढापलं."

मी व्हर्नियर तिथेच टाकून निघालो. रिक्षा मिळेना म्हणून चालतच मांडवीला गेलो. बाईंना खोलीतून जवळजवळ ओढत खाली आणलं. संध्याकाळची वेळ होती, धक्क्यावर फिरणाऱ्यांची गर्दी, भेळवाल्याच्या घंटेचा आवाज. बाकावर बसवून मी सगळं सांगितलं.

"मी कुठलं आडनाव सांगितलं होतं म्हणाला तो?" बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

मी सांगितलं.

"आणि त्याचं कमी आलं?"

"कमी आलं. वर्गात येतं तसंच. आणि तुमच्या तोंडाकडे बघून नाही."

बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या रडत होत्या. लोक वळून वळून बघत होते. मी म्हटलं, "उद्याच त्याला संस्थेपुढे उभा करतो. तो बोलेल. नाही बोलला तर मी बोलायला लावीन."

"नको."

"म्हणजे?"

"तो कच्चा आहे, भांबेड. त्याला उभा करायचा, आणि ज्यांच्या हातात त्याची नोकरी आहे त्यांच्यासमोर त्याचं मोजमाप काढायचं? ते करू नये हेच तर मी आयुष्यभर शिकवलं."

"मग तुमचा वर्ग?"

"वर्ग गेला." त्या म्हणाल्या. "सकाळी जाग आली की पहिला तोच आठवतो. पण असा परत नको."

मी भडकलो. म्हटलं, हा कसला हट्ट, चांगुलपणालाही काही मर्यादा असते, लोक तुम्हाला मूर्ख म्हणतील, आणि मीही म्हणेन. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं आडनावाचा परिणाम मोजत बसले. खुर्चीचा मोजायचा राहिलाच. आणि वर्गात खुर्ची माझी होती रे."

बाई माझ्याकडे वळल्या. "ये इकडे. नाक दे."

"इथे?"

"मग कुठे? तुझं तोंड कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली काढून घेतलीय माझ्याकडून."

मी चेहरा पुढे केला. भेळ खाणारी पोरं टकामका बघायला लागली. बाईंनी अंगठा आणि बोट माझ्या नाकाच्या दोन बाजूंना टेकवलं, मग मधलं अंतर तसंच धरून हात उचलला आणि समुद्रावरच्या उजेडाकडे नेला. बोटांतलं अंतर कमी होत होतं, वाढत होतं, आणि बाई डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होत्या.

"बाई," मी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आपण बरोबर होतो ना?"

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.